लेकरांचा मांडव

मिलोची भाकरी थापताना कडेला फाटते. पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, नाहीतर हाताला रग लागेपर्यंत मळा, तव्यावर जाईपर्यंत तिला चिरा पडायच्याच. माझी माय त्या चिरा ओल्या बोटानं लिंपायची आणि पुटपुटायची, "जहाजातनं आलेली ज्वारी ही, तिला आपला हात कसा वळखू यावा." दुष्काळाच्या त्या वर्षी रेशनच्या दुकानात हीच तांबडी ज्वारी मिळे. तिच्या भाकरीला कोंदट वास येई आणि घास घशाशी अडे. सोबत वाळवलेली अंबाडी, तीही संपली तेव्हा नुसतं तिखट आणि वर पाणी. दुष्काळी कामावर कधीमधी सुकडी वाटत, भाजलेल्या पिठाची, गोडसर. ती आम्ही पोरं जिभेवर ठेवून विरघळू द्यायचो. आज नांदेडात माझी सून तब्येतीसाठी म्हणून ज्वारीची भाकरी करते आणि पोळी बाजूला सारते, तेव्हा मी गुमान जेवते.

आमचं गाव लोह्याहून कंधारकडं जाताना रस्त्याच्या आत. घर उगवतीच्या अंगाला, बौद्धवाड्यात. एक खोली, पुढं पडवी, कुडाची भिंत आणि त्या भिंतीवर दादांनी नांदेडहून आणलेली बुद्धाची तसबीर. दादा म्हणजे माझे वडील. ते नांदेडच्या मोंढ्यात हमाली करत आणि मोंढा बंद असेल तेव्हाच गावी येत. ते आले की आमच्या पडवीला आवाज यायचा. सामान बांधून आलेला जुना पेपर ते बोट ठेवून मोठ्यानं वाचत, वाड्यातली माणसं भोवती बसत, मधेच कुणीतरी "थांब किसन, ते परत वाच" म्हणे आणि तेवढ्यावर वाद सुरू होई. एरवी घरात माय, मी आणि धाकटा बाळू. बाळू नुकता चालू लागला होता, पण मायेच्या अंगावरचं दूध त्यानं सोडलं नव्हतं. त्या वर्षी वाड्यातल्या जात्यांचा आवाज थांबत गेला आणि वेगळाच एक आवाज गावावर पसरला. वरच्या माळाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. तिथं बाया दिवसभर दगड फोडत, आणि गावात बसून ऐकलं तर वाटे, असंख्य पाखरं एकाच वेळी कशावर तरी चोची मारत आहेत.

शाळा नावाला चालू होती. निम्मी पोरं कामावर, उरलेली घरी. मी मायेबरोबर माळावर जायची, बाळूला सांभाळायला. तिथं मी पहिल्यांदा असल्या बाया पाहिल्या, ज्यांना आम्ही एरवी फक्त मराठ्यांच्या वाड्यांच्या दारात पाहिलं होतं. डोळ्यापर्यंत पदर ओढून त्या माती वाहत. पाटलाच्या घरची धुरपताबाई आणि तिची सून सरूसुद्धा. ज्यांच्या रानात माय खुरपायला जायची, त्यांच्या डोक्यावर तसलंच टोपलं आलं होतं. मात्र दुपारी जेवणाची सुट्टी झाली की ज्याची त्याची टोपली ज्याच्या त्याच्या झाडाखाली जात. मराठ्यांच्या बाया लिंबाखाली बसत, आम्ही खालच्या बाभळीकडं. हमीदाबी दोन्हींच्या मध्ये, एका खडकाच्या सावलीला. ती पिंजाऱ्याची बायको. गावात कापूस राहिला नव्हता तिथं पिंजणार काय, म्हणून तीही खडी फोडायला येई.

लेकरांचं कुणी काय करावं? तान्ही झोळीत, आणि चालती लेकरं झाडाला बांधून. लुगड्याची चिंधी पायाला, तिचं दुसरं टोक बुंध्याला. आज हे सांगितलं की ऐकणारे चेहरे कसनुसे करतात. पण खणलेला खड्डा पुरुष-दोन पुरुष खोल, वरून दगड गडगडत येणार आणि आई टोपलं घेऊन दूर. बांधणं हीच माया होती. हमीदाबीच्या मुन्नीनं एक दिवस गाठ सोडवली. मी बघितलं तेव्हा ती खड्ड्याच्या काठाला होती. मी ओरडले, आणि पुढच्या क्षणी ती दिसेनाशी झाली. माय माझ्यापासून चार हातांवर दगड फोडत होती. माझ्या ओरडण्यासरशी तिची मान वळली आणि उचललेली हातोडी तिच्याच डाव्या हाताच्या बोटांवर बसली. तशी ती उठली आणि हमीदाबीच्या आधी खड्ड्यात उतरली. मुन्नी जगली, पण तिचा हात कोपरात मोडला तो कायमचा वाकडा राहिला. मायेची दोन बोटं काळीनिळी झाली, आणि त्या हातानं तिला दगड धरता येईना.

विमलताई आली ती या सगळ्यानंतर आठवड्याभरात. लातूरच्या एका मास्तरांची मुलगी, लग्न न झालेली, खांद्याला शबनम, मनगटावर पुरुषी घड्याळ. ती एसटीनं एका दुष्काळी कामावरून दुसऱ्या दुष्काळी कामावर हिंडे आणि बायांशी बोले. आमच्यात तिच्यासारखी बाई कुणी पाहिली नव्हती. खडीच्या ढिगावर फतकल मारून ती बसली, मुन्नीचा बांधलेला हात पाहिला, झाडाला बांधलेली लेकरं पाहिली आणि मुकादमाला हाक मारली. मुकादम रंगराव काही दुष्ट माणूस नव्हता. वरच्या साहेबाला घाबरणारा होता, एवढंच.

"रंगराव, कामावर बायांची लेकरं असली तर त्यांना सावली करायची, पाणी ठेवायचं आणि एक बाई त्यांच्यापाशी बसवायची. तिला बाकीच्यांइतकीच मजुरी. सरकारचा नियम आहे."

"नियम लई हायत ताई. माळावर कोण बघतंय?"

"मी बघतेय."

पुढं काय झालं, ती कुणाकडं गेली, ते मला माहीत नाही. पण पुढच्या बाजाराच्या आत चार मेढी रोवल्या गेल्या, वर तुराट्या पसरल्या आणि मांडव झाला. एक रांजण आला. बसवायची कोण, हे विमलताईनं बायांनाच विचारलं. मग हमीदाबी मायेकडं बघून म्हणाली, "गयाबाईला बसवा. तिचा हात ठेचला तो माझ्या पोरीपायी. दगड तर तिला धरता येईना." त्यावर कुणी हो म्हणालं नाही आणि कुणी नाहीही म्हणालं नाही. विमलताईला वाटलं, ठरलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात आमच्या वाड्यातली लेकरं, मुन्नी आणि बाळू. बाकी सगळी होती तिथंच, आपापल्या झाडाला बांधलेली. लिंबाची सावली सरकत जाई तशा त्यांच्या आया कामातून येऊन गाठी सोडून दुसऱ्या बाजूला बांधत. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट शब्द काढला नाही. माय मांडवाच्या तोंडाशी बसून राही, ठेचलेला हात मांडीवर घेऊन, आणि लिंबाकडं बघे. सरूचं तान्हं पोर तर एकसारखं रडे. तिसरा की चौथा महिना होता त्याला. त्याचं रडणं सगळ्या माळाला ओळखू यायचं, घोगरं, मधेच तुटणारं. सरूला दूध येत नव्हतं. असल्या खाण्यावर आणि असल्या कामावर कुठून यावं?

चार दिवसांनी मुकादम म्हणाला, एवढ्याशा लेकरांसाठी मांडव ठेवता येत नाही, साहेब विचारतील. "बाई बदला, लेकरं येतील," असंही म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नसावं.

त्या दिवशी दिवेलागणीला विमलताई आमच्या घरी आली. मायेनं गुळाचा काळा चहा केला. विमलताईनं कपबशी दोन्ही हातांत धरून सगळा प्यायला, हे मला आठवतं, कारण मी ते टक लावून पाहत होते. बराच वेळ ती बाळूशीच बोलत बसली. मग म्हणाली, "गयाबाई, मांडव गेला तर इथं परत होणार नाही. आणि इथं गेला की दुसऱ्या कामावरही मुकादम हेच दाखवतील. तुम्ही थोडे दिवस बाजूला झालात तर... तुम्हाला दुसरं हलकं काम द्यायला लावते मी. पाणी पाजायचं तर..." ती तिथंच थांबली. पाणी पाजायचं काम मायेला कसं मिळणार, हे तिचं तिलाच उमगलं असावं.

माय चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. ती म्हणाली, "बसवा ना दुसरी. लेकरं उन्हात हायत, मला दिसतंय की. पण ताई, गया आपणहून बाजूला झाली, असं म्या म्हणणार न्हाई. उद्या जेवायच्या सुट्टीला तुमीच सगळ्यांम्होरं सांगा. गयाला काढली, आन का काढली, ते सांगा. मंग म्या उठते."

"असं तोडून कसं सांगू?"

"मला तर कळलं की न सांगता. तसं सगळ्यांस्नी सांगून टाका."

विमलताई गेली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मला तिची दया आली, आणि मायेचा थोडा राग. एवढी शिकलेली बाई आपल्या घरी येते, चहा पिते, आणि माय तिला अडचणीत टाकते. आता वाटतं, त्या संध्याकाळी आमच्या पडवीत अडचण नवी नव्हतीच. मायेनं ती फक्त दोघींच्या मध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली. विमलताई लिंब आणि बाभळ यांच्या मधोमध उभी राहिली. "काल मी गयाबाईंना म्हणाले की तुम्ही बाजूला व्हा," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीसारखा नव्हता. "त्यांनी विचारलं, का ते सगळ्यांसमोर सांगा. म्हणून सांगायला उभी राहिलेय. गयाबाईंना काढायचं ते..."

"ताई," धुरपताबाई मधेच म्हणाली, भाकरीवरून नजर न उचलता, "हे कशाला बोलून दाखवायचं? गपगुमान दुसरी बसवायची."

खालून, बाभळीकडून, मायेचा आवाज आला, "आजवर गपगुमानच झालंय की, पाटलीणबाई."

विमलताईनं ते वाक्य पुरं केलंच नाही. मग म्हणाली, "माझ्यानं हे म्हणवत नाही. जे म्हणवत नाही ते मी करायलाही नको. गयाबाई तिथंच बसतील. मांडव काढायचा तर रंगराव काढतील, मी बाई बदलणार नाही." आणि ती खाली येऊन आमच्यात बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लिंबाखालच्या बायांनी भाकरी संपवल्या आणि टोपली उचलली. मुकादमानं सांगितलं, बाजारापर्यंत बघतो, मग मेढी काढतो.

बाजाराच्या आदल्या दिवशी ऊन असं होतं की खडीला हात लागेना. दुपार कलताना सरूच्या पोराचं रडणं थांबलं. इतके दिवस त्या रडण्याची सगळ्यांना सवय झाली होती, म्हणून ते थांबल्यावर माळावरच्या बऱ्याच हातोड्याही थांबल्या. मी मांडवातून पाहिलं. सरू झोळीपाशी वाकली होती. तिनं पोर उचललं, त्याची मान हातावर लटकली. ती धुरपताबाईकडं गेली नाही. डोक्यावरचा पदर खाली पडला होता तो तिनं घेतलासुद्धा नाही. ती सरळ उताराला लागली, बाभळीवरून पुढं आली, मांडवात वाकून शिरली आणि पोर मायेच्या मांडीवर ठेवलं.

"ह्याला बघा हो," एवढंच म्हणाली. तिला मायेचं नाव घेता येईना की काय म्हणून हाक मारावी ते कळेना.

मायेनं ओलं फडकं त्याच्या कपाळावर, छातीवर फिरवलं. थेंब थेंब पाणी ओठांवर सोडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यानं ओठ हलवले. माय सरूकडं बघून म्हणाली, "भुकेलंय गं. पाजू का?" सरूनं मान हलवली. मायेनं पदराआड त्याला घेतलं. बाळू रुसून माझ्या गळ्यात पडला. मांडवात तुराट्यांमधून उन्हाच्या तिरप्या रेघा पडल्या होत्या, आणि त्या पोराचा गिळण्याचा आवाज येत होता. सरू खाली बसली आणि हुंदका न काढता रडली. मी एवढी शांत रडणारी बाई परत पाहिली नाही.

धुरपताबाई आली ती पोर पिऊन झोपल्यावर. ती मांडवाबाहेरच उभी राहिली. तिच्या हातात पाण्यानं भरलेली कळशी होती. "ह्याला पाणी द्यायचं तर ह्यातलं दे, गये," ती म्हणाली.

मायेनं वर बघितलं. "दूध चाललं, आन पाणी न्हाई चालत व्हय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखर विचारल्यासारखं विचारलं तिनं. धुरपताबाई कळशी मांडवाच्या तोंडाशी टेकवून कामावर निघून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या लेकरांनी तीच रिकामी केली, मुन्नीनं, बाळूनं, वाड्यातल्या पोरांनी. दुसऱ्या दिवशी सरूच्या मागून आणखी दोघी आल्या. बाजाराला मेढी काढायला कुणी आलं नाही.

दादा मोंढ्याच्या सुट्टीला आले, ते फाट्यावर उतरतानाच सगळं ऐकून आले होते. पिशवी टेकवायच्या आधी म्हणाले, "पाटलाच्या नातवाला दूध पाजलंस म्हणं."

"पाजलं."

"आपल्याला ओंजळीनं पाणी पाजत्यात ते. आन तू दूध देतीस. म्हातारे लोक मेलेलं ढोर वढायचे, ते आपण बंद केलं, का तर लाचारी नको. मंग ही काय हाय?"

"मंग काय करायचं व्हतं? त्याला आधी इचारायचं व्हतं का, तुझ्या आज्यानं आमाला पाणी दिलं का म्हणून?"

"त्याला न्हाई. त्याच्या आजीला इचारायचं."

"तिलाबी इचारलं," माय म्हणाली आणि त्यांच्यापुढं ताट सरकवलं. दादा जेवले. पडवीत त्या दिवशी पेपर वाचला गेला नाही.

पुढं मी बालवाडीत नोकरीला लागले, मग अंगणवाडीत. लातूरला प्रशिक्षणं झाली, विष्णुपुरीला मेळावे झाले, समाजसुधारणेवर पुष्कळ भाषणं ऐकली आणि एक-दोनदा केलीही. दादा बरोबर की माय बरोबर, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. दादा म्हणत होते ते खोटं नव्हतं. त्या मांडवानं आमच्या गावच्या विहिरीचा प्रश्न सुटला नाही. तो सुटला फार पुढं, नळ आल्यावर, ती विहीरच कुणाला नकोशी झाल्यावर. माळावर एका कळशीतून पाणी प्यालेली लेकरं गावात शिरताच आपापल्या गल्लीला जात. पण विमलताईनं आमच्या मांडवाचं नाव सांगून दुसऱ्या कामांवर मांडव घालायला लावले, हेही खरं, आणि तिथल्या कितीतरी लेकरांच्या पायातल्या चिंध्या सुटल्या. तिला मी शेवटची भेटले तेव्हा ती फार थकली होती. मला म्हणाली, "तुझ्या आईनं मला त्या दिवशी वाचवलं." कशातून, ते तिनं सांगितलं नाही.

त्या दुधाच्या वादानंतर पुढच्या सुट्टीला दादा आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर मोठी वळकटी होती. घरी न येता ते फाट्यावरून थेट माळावर आले. वळकटी सोडली तर आत बारदान, मोंढ्यातल्या फाटक्या पोत्यांचे तुकडे सुतळीनं एकाला एक शिवून केलेलं, चांगलं मांडवभर. हे शिवायला त्यांना किती रात्री लागल्या असतील कोण जाणे. ते मेढीवर चढले आणि तुराट्यांवरून बारदान अंथरायला लागले. आत एकदम गर्द सावली झाली आणि लेकरं वर बघायला लागली. धुरपताबाई नातवाला बघायला म्हणून आली होती. आता ती आतपर्यंत येत असे.

"कोण रे तू?" तिनं वर बघून विचारलं. गयाचा नवरा हे तिला माहीत नसेल असं नाही.

दादा मेढीवरूनच म्हणाले, "किसन लिंबाजी सोनकांबळे."

आमच्या वाड्यातल्या बाप्यांना गावात अरेतुरेच होतं. म्हाताऱ्यांना पोरंसुद्धा नुसत्या नावानं हाक मारत. नातू धुरपताबाईच्या कडेवर होता, त्याच्या तोंडावर पश्चिमेकडून उन्हाचा पट्टा येत होता. तिनं हात आडवा धरून तो अडवला.

"किसनराव," ती म्हणाली, "ते टोक जरा खाली घ्या. ऊन तिकडनं येतंय."

मायेनं बाळूच्या डोक्यावरून फिरणारा हात थांबवला. दादांनी खाली पाहिलं नाही. त्यांनी सुतळीची गाठ सोडली, टोक दोन हात खाली ओढलं आणि परत बांधलं.